गावच्या बँकेची नोट कशी वाचावी?

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, सध्या अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका लहान गावात राहतो. गावातल्या एका जुन्या घराच्या सामानविक्रीत मी तीन जुन्या नोटा विकत घेतल्या. पहिली दहा डॉलरची, आजच्या नोटेपेक्षा बरीच मोठी, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचे चित्र आणि निळी मोहोर असलेली. तिच्यावर आमच्याच गावच्या ‘फर्स्ट नॅशनल बँके’चे नाव व ऑक्टोबर १९०६ ही तारीख आहे. दुसरी त्याच बँकेची वीस डॉलरची, आजच्या आकाराची, तपकिरी मोहोरेची. तिसरी तशीच तपकिरी मोहोरेची, पण शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची, दहा डॉलरची. जवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने ‘शिकागोची नोट खरी मोलाची, मोठी नोट मळलेली आहे’ असे सांगून तिन्ही नोटा एकत्र मागितल्या. यजमान म्हणतात की लॅमिनेट करून भिंतीवर लावू. मला वाटते की आधी मोठी नोट स्वच्छ करावी. मोठ्या नोटेवर कॅशियरची सही शाईने केलेली आहे आणि ते आडनाव आमच्या शेजारच्या नव्वदीतल्या आजोबांचे आहे. बँक १९३२ मध्ये बंद पडली असे गावात सांगतात. नोट आजोबांना दाखवावी का? आणि आमच्या काउंटीतल्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यातल्या, अशा नोटा जमवायच्या असतील तर सुरुवात कशी करावी? – एक वाचक भगिनी, आयोवा

उत्तर :

ताई, सर्वांत आधी जे तातडीचे आहे ते सांगतो. नोट लॅमिनेट करू नका, पाण्याने किंवा खोडरबराने पुसू नका, इस्त्री फिरवू नका आणि फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशनचे प्लास्टिक उष्णतेने कागदाला कायमचे चिकटते. नंतर ते निघत नाही आणि त्या दिवसापासून ती नोट संग्राहकाच्या दृष्टीने संपते. मळ हा दोष नाही, ती नोट लोकांच्या हातांतून गेल्याची खूण आहे, आणि खोडरबराने मळाबरोबर शाईने केलेली सहीही जाईल. फिकट झालेली सही पुन्हा गिरवण्याचा मोहही टाळा, कारण गिरवलेली सही भिंगाखाली लगेच ओळखू येते. तिन्ही नोटा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात स्वतंत्र ठेवा. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाकीट वापरू नका. भिंतीवर लावायचेच असेल तर नोटेचे छायाचित्र मोठे करून लावा.

आता या नोटा म्हणजे काय ते पाहू, कारण दुकानदाराचे म्हणणे तपासायचे तर एवढी माहिती हवीच. आपल्याकडे ‘राष्ट्रीयीकृत बँक’ म्हटले की सरकारी मालकीची बँक डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील ‘नॅशनल बँक’ तशी नव्हती. ती गावातल्याच दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी भांडवल घालून काढलेली खासगी बँक असे. फक्त तिला सनद केंद्र सरकारची मिळे. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी ही पद्धत सुरू झाली. बँकेने केंद्र सरकारचे रोखे विकत घेऊन वॉशिंग्टनला सरकारी खजिन्याकडे ठेवायचे आणि त्या तारणावर तिच्या नावाच्या नोटा तिला मिळायच्या. प्रारंभी रोख्यांच्या मूल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आणि १९०० पासून पूर्ण मूल्याइतक्या. आपल्याकडे १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, आणि पुढे नागपूर, अकोला अशी चलनमंडळांची नावे नोटांवर आली तरी नोट सरकारचीच राहिली. अमेरिकेने जवळजवळ त्याच सुमारास उलटी दिशा धरली आणि पुढच्या सत्तर वर्षांत बारा हजारांहून अधिक बँकांनी स्वतःच्या गावाचे नाव असलेल्या नोटा चलनात आणल्या. १९३५ मध्ये ज्या रोख्यांवर हा अधिकार उभा होता तेच सरकारने परत घेतले आणि ही पद्धत संपली.

आपल्या बँकेची तारीख १९०६ आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८६४ च्या कायद्याप्रमाणे लहान गावातही अशी बँक काढायला किमान पन्नास हजार डॉलर भांडवल लागे. १९०० च्या मार्चमधील कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ही अट पंचवीस हजारांवर आणली, आणि त्यानंतर धान्याच्या व्यापारावर जगणाऱ्या छोट्या छोट्या गावांत अशा बँका भराभर निघाल्या. आयोवात त्या शेकडो होत्या. आपल्या गावची बँक याच लाटेतली असावी.

मोठी नोट हातात घ्या. पाकिटातच राहू द्या आणि चांगल्या उजेडात भिंगाखाली धरा. दर्शनी बाजूला ठळक निळ्या आकड्यांत जो क्रमांक दोनदा छापलेला आहे आणि चौकटीच्या नक्षीतही कोरलेला आहे, तो बँकेच्या सनदेचा क्रमांक. संग्राहक त्याला ‘चार्टर नंबर’ म्हणतात, आणि ओळखीची सारी भिस्त त्यावर असते, कारण ‘फर्स्ट नॅशनल बँक’ हे नाव हजारो गावांत होते आणि एकाच नावाची गावे अनेक राज्यांत होती. सनदेचा क्रमांक मात्र प्रत्येक बँकेचा वेगळा. हे क्रमांक एकपासून सुरू होऊन चौदा हजारांच्या पुढे गेले. १९०६ च्या शरद ऋतूतल्या बँकेचा क्रमांक आठ हजारांच्या घरात यायला हवा. आपल्या नोटेवर तो तसा आहे का ते पाहा. नसेल तर मला पुन्हा कळवा.

नोटेवरची ऑक्टोबर १९०६ ही तारीख छपाईची नाही, ती बँकेच्या स्थापनेशी जोडलेली आहे. छपाईचा ठसा एकदा कोरला की तीच तारीख आणि त्या वेळच्या केंद्रीय अधिकाऱ्यांच्या सह्या वर्षानुवर्षे तशाच छापल्या जात. म्हणून आपल्या नोटेवर विल्यम व्हर्नन आणि चार्ल्स ट्रीट या दोघांच्या कोरलेल्या सह्या असाव्यात. व्हर्नन हे खजिन्याचे निबंधक होते आणि कृष्णवर्णीय होते. त्या पदावर त्या काळात एकामागून एक कृष्णवर्णीय अधिकारी नेमले गेले आणि त्यांच्या सह्या देशभरच्या नोटांवर फिरल्या, ही गोष्ट मला या नोटांच्या अभ्यासात फार मोलाची वाटते. ट्रीट हे खजिनदार होते. ते १९०९ मध्ये पदावरून गेले, तरी त्यांची सही असलेली नोट त्यानंतर अनेक वर्षांनीही छापलेली असू शकते.

मग ती खरोखर केव्हा छापली? त्यासाठी नोट उलटा. १९०२ च्या या मालिकेच्या नोटा तीन प्रकारांत येतात. १९०८ पर्यंतच्या नोटांवर लाल मोहोर आहे. त्यानंतर निळी मोहोर आली आणि मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यांत १९०२ व १९०८ ही दोन वर्षे छापली गेली. साधारण १९१५ नंतर मोहोर निळीच राहिली, पण मागची वर्षे गेली. आपण मागील बाजूविषयी काही लिहिलेले नाही. तिथे वर्षे नसतील तर नोट तिसऱ्या प्रकारची आहे. आता पुन्हा दर्शनी बाजूला या आणि सनदेच्या क्रमांकाजवळ एखादे मोठे अक्षर छापले आहे का ते पाहा. वर्गवारीच्या सोयीसाठी देशाचे विभाग पाडून अशी अक्षरे छापत. आयोवा मध्य-पश्चिमेत येत असल्याने आपल्या नोटेवर अक्षर असेल तर ते ‘एम’ असेल. ही पद्धत १९२४ च्या सुमारास थांबली. शिवाय नोटेवर दोन अनुक्रमांक आहेत, एक खजिन्याचा आणि एक बँकेचा. १९२५ नंतर दोन्ही ठिकाणी बँकेचाच क्रमांक येऊ लागला. म्हणजे मागे वर्षे नाहीत, पुढे ‘एम’ आहे आणि दोन अनुक्रमांक वेगवेगळे आहेत, अशी नोट १९१५ ते १९२४ या काळात छापलेली ठरते. नोटेवर कुठेही न लिहिलेले वर्ष असे तिच्याच अंगावरच्या खुणांनी बऱ्यापैकी नेमके हाती येते.

शाईच्या सहीचाही येथेच विचार करू. या मोठ्या नोटा वॉशिंग्टनहून चार-चारच्या न कापलेल्या तावांत बँकेकडे येत. गावच्या बँकेत कॅशियर आणि अध्यक्ष त्यांवर सह्या करत किंवा शिक्के मारत, मग नोटा कापून गल्ल्यावर देत. म्हणूनच छोट्या गावच्या नोटांच्या कडा कित्येकदा वाकड्या दिसतात. त्याला छपाईतील चूक समजू नका आणि कडा सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. अध्यक्ष हा बहुधा गावातला प्रतिष्ठित भागधारक असे, पण रोजची बँक चालवायचा तो कॅशियर. कर्ज कोणाला द्यायचे, कोणाला मुदत वाढवायची, हे बहुतांशी त्याच्या हातात असे. आपल्या शेजाऱ्यांच्या घरातील माणसाचे हस्ताक्षर या नोटेवर असेल, तर गावाच्या आयुष्यात त्या माणसाचे स्थान किती मोठे होते हे यावरून कळेल.

वीस डॉलरची नोट १९२९ च्या मालिकेतली आहे. त्या वर्षी अमेरिकेने नोटांचा आकार लहान केला आणि बँकेच्या अधिकाऱ्यांच्या सह्याही छापील आल्या. सनदेचा क्रमांक फक्त काळ्या शाईत, डाव्या-उजव्या बाजूंना असेल तर ती १९२९ ते १९३३ मधील पहिल्या प्रकारची. तो तपकिरी शाईतही अनुक्रमांकाच्या ओळीत छापलेला असेल तर १९३३ ते १९३५ मधील दुसऱ्या प्रकारची. बँक खरोखरच १९३२ मध्ये बंद झाली असेल तर आपली नोट पहिल्याच प्रकारची असली पाहिजे, आणि गावातले सांगणे खरे की नाही हे नोटच थोडेफार सांगून देईल. पहिल्या प्रकारात सहा नोटांच्या एका तावावर एकच अंक असे आणि पुढचे अक्षर ‘ए’ ते ‘एफ’ असे बदलत जाई. शेवटी ‘ए’ असे. समजा आपल्या नोटेवर पुढे ‘डी’ आहे आणि अंक ८६ आहे, तर ती शहाऐंशीव्या तावावरची चौथी नोट होय. प्रत्येक बँकेच्या प्रत्येक मूल्याच्या नोटांची मोजणी एकपासून सुरू होत असल्याने त्या बँकेसाठी वीस डॉलरच्या किमान ५१६ नोटा छापल्या होत्या, असा हिशेब निघतो. एखाद्या मोठ्या शहरातील बँकेसाठी हाच आकडा कित्येक पटींनी मोठा असतो.

आता शिकागोची नोट. ती गावच्या खासगी बँकेची नाही, फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची आहे. तिच्यावरही माथ्यावर ‘नॅशनल करन्सी’ असेच छापलेले आहे, मोहोरही तपकिरी आहे, म्हणून नव्या संग्राहकांची हमखास गफलत होते. पण तिच्यावर सनदेचा क्रमांक नाही; त्याऐवजी ठळक काळे ‘जी’ अक्षर आहे, जे शिकागो विभागाचे आहे, आणि उजवीकडच्या सहीखाली अध्यक्षाऐवजी गव्हर्नर हा हुद्दा आहे. १९३३ च्या मार्चमध्ये देशभरच्या बँका बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा तातडीने चलन पुरवण्यासाठी राष्ट्रीय बँकांच्या नोटांचा तयार कागद वापरून या नोटा काढण्यात आल्या. इतिहास म्हणून ती सुंदर नोट आहे, पण ती भरपूर छापली गेली आणि आजही सहज मिळते. तिन्हींत तीच मोलाची आहे हे दुकानदाराचे म्हणणे चुकीचे आहे. त्याला माहीत नसेल किंवा माहीत असूनही त्याने तसे सांगितले असेल; दोन्ही परिस्थितींत त्याला नोटा देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या छंदात किंमत ठरते ती त्या एका बँकेच्या किती नोटा आज शिल्लक असल्याची नोंद आहे यावर. नोटेचे वय, चित्राचा देखणेपणा, अगदी कोरेपणासुद्धा त्यानंतर येतो. कॅलिफोर्नियातील किंवा न्यूयॉर्कमधील बड्या बँकांच्या १९२९ च्या नोटा शेकड्यांनी टिकल्या आहेत. उलट आयोवातल्या एखाद्या गावच्या बँकेची एकही नोट कोणी पाहिलेली नाही, असेही घडते. त्या नोटा खर्चल्या गेल्या, खजिन्यात परत गेल्या आणि नष्ट झाल्या. म्हणून मळकट, घडी पडलेली, एखादी टाचणीची भोके असलेली नोटही अशा बँकेची असेल तर संग्राहक तिच्यासाठी थांबून असतात. ‘नॅशनल करन्सी फाउंडेशन’ या संस्थेकडे अशा ज्ञात नोटांची गणना ठेवलेली आहे. सनदेचा क्रमांक घेऊन आपल्या बँकेच्या मोठ्या किती आणि लहान किती नोटा नोंदलेल्या आहेत ते पाहा. त्यानंतर हेरिटेज ऑक्शन्ससारख्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी चाळा. मागितलेल्या किमती पाहू नका, विक्री झालेल्या किमतीच पाहा, आणि त्याही शक्यतो त्याच बँकेच्या किंवा त्याच काउंटीतल्या. हे सगळे झाल्यावरच पीएमजी किंवा पीसीजीएस या नोटांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांकडे नोट प्रतवारीसाठी पाठवायची की नाही ते ठरवा. शिकागोच्या नोटेसाठी तो खर्च करू नये. आपल्या गावच्या दोन नोटांची मात्र गणनेत नोंद करवून घ्या, विकायच्या नसल्या तरी.

शेजारच्या आजोबांचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. नोट त्यांना जरूर दाखवा, पण आधी बँकेचे शेवटी काय झाले ते शोधा. ‘बंद पडली’ याचे तीन अर्थ होऊ शकतात: भागधारकांनी स्वतःहून व्यवहार आवरला, दुसऱ्या बँकेत ती विलीन झाली, किंवा ती बुडाली आणि सरकारने अवसायक नेमला. पतसंस्था बुडाल्याचे आणि अवसायकाच्या दारी ठेवीदारांच्या रांगा लागल्याचे दुःख महाराष्ट्राने पाहिलेले आहे, त्यामुळे हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० पासून धान्याचे आणि जमिनीचे भाव कोसळले, आणि आयोवातील शेतकऱ्यांना कर्जे देऊन बसलेल्या बँका पुढची दहा-बारा वर्षे एकामागून एक बुडत गेल्या. नोट ज्याच्या खिशात होती त्याचे नुकसान झाले नाही, कारण तिच्यामागे वॉशिंग्टनला ठेवलेले रोखे होते. ती नोट आजही कायद्याने दहा डॉलरची आहे. ठेवीदाराला तो आधार नव्हता. ठेवींचा केंद्रीय विमा १९३४ मध्ये आला.

आणि आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय बँकेच्या भागधारकांवर त्या काळी दुहेरी जबाबदारी असे: बँक बुडाली तर भाग तर जायचेच, वर त्या भागांच्या दर्शनी मूल्याइतकी रक्कम घरातून भरावी लागे. कॅशियर बहुधा भागधारकही असे. म्हणजे गावाचे पैसे बुडाल्याचा ठपका आणि स्वतःचे घरदार जाण्याची पाळी, दोन्ही एकाच माणसावर येत. आपल्या आजोबांनी लहानपणी याविषयी काय ऐकले असेल, किंवा घरात त्याविषयी बोलणे कसे बंद असेल, हे आपल्याला ठाऊक नाही.

हा शोध अवघड नाही. बँकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नियंत्रकाचे वार्षिक अहवाल सेंट लुईस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेने ‘फ्रेझर’ या संग्रहात विनामूल्य उपलब्ध केले आहेत. बँकांच्या अध्यक्षांची व कॅशियरची नावे त्या काळच्या नोंदींत मिळतात, आणि बुडालेल्या बँकांच्या तक्त्यांत अवसायकाने ठेवीदारांना किती टक्के रक्कम परत केली तेही दिलेले असते. स्थानिक वर्तमानपत्राचे जुने अंक काउंटीच्या ग्रंथालयात किंवा ऐतिहासिक संस्थेत पाहा. त्यातून बँक शांतपणे विलीन झाल्याचे दिसले तर निःसंकोचपणे नोट घेऊन जा. बुडाल्याचे दिसले तर नोट घेऊन जाण्यापूर्वी एकदा त्यांच्या कुटुंबातील कोणाशी बोला, आणि आजोबांसमोर बँक कशी बुडाली हा विषय आपण काढू नका. हे हस्ताक्षर कोणाचे असेल, एवढेच विचारा. त्यांनी सांगितले तर ऐका, आणि त्यांची परवानगी असेल तर त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. सहीचे मोठे, स्पष्ट छायाचित्र त्यांना भेट द्या. नोट त्यांनाच द्यावी का, हा निर्णय आपला. आपण ती रीतसर विकत घेतलेली आहे आणि ती ठेवण्यात काही गैर नाही.

काउंटीचा संग्रह करण्याची आपली कल्पना मला मनापासून आवडली, कारण सगळ्या राज्याच्या मागे लागणाऱ्याचा पैसा आणि उत्साह दोन्ही लवकर संपतात. काउंटीतील सर्व राष्ट्रीय बँकांची यादी सनदेच्या क्रमांकानुसार करा आणि प्रत्येकीपुढे ज्ञात नोटांची संख्या लिहा. काहींपुढे शून्य येईल. तिथे बँकेच्या इमारतीचे चित्र असलेले जुने पोस्टकार्ड किंवा वटवलेला धनादेश लावता येतो. खरेदी करताना जुनाट दिसावा म्हणून पिवळा आणि कडकडीत केलेला कागद असलेल्या नकलांपासून सावध राहा. खऱ्या नोटेच्या कागदात लाल-निळे रेशमी धागे असतात आणि कोरीव छपाईची शाई तिरप्या उजेडात उठून दिसते. धुऊन-दाबून नवी केलेली नोट ओळखणे मात्र यापेक्षा अवघड असते, म्हणून महागाची खरेदी प्रतवारी झालेलीच करा. यादीत सर्वांत वर आपल्याच बँकेची लाल मोहोरेची नोट लिहा. बँक १९०६ च्या अखेरीस निघाली असेल तर लाल मोहोर तिच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली, तेव्हा ती मिळणे कठीण आहे. पण कधी समोर आली, तर कोपरा फाटलेला असला तरी सोडू नका.